खलाशाची दाढी

माझा धाकटा भाऊ टीव्हीतल्या एका जहाजावर खलाशी होता. समुद्री चाच्यांची हिंदी मालिका होती ती. तलवारी, तोफा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला कप्तान, आणि त्याच्या मागं कमरेला लाल पट्टे बांधून दोरखंड ओढत उभी असलेली पंधरा-वीस माणसं. त्या माणसांत डावीकडून तिसरा आमचा. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात समुद्र बघितलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. मायनं त्याला एकदा विचारलं होतं, "येलदरीच्या धरणाएवढा असंल का रं समुंदर?" तर हा म्हणाला, "व्हय माय, तसाच. फकस्त पलीकडचा काठ न्हाई त्याला." म्हणाला गमतीत, पण मायच्या मनानं ते धरलं. काठच नसलेल्या पाण्यावर लेकरू कशाला गेलं म्हणून ती तेव्हापासून धास्तावलेली असायची.

मी गोरेगावच्या बाजारात लेडीज टेलर आहे. नवऱ्याशी पटलं नाही, शिलाई मशीन उचलून माहेरी आले, ती इथंच राहिले. तोंडानं मी फटकळ आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ब्लाउज मापात शिवते आणि सांगितलेल्या दिवशी देते, म्हणून बायका माझं तोंड सहन करतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझं तोंडच कामाला आलं, आणि आता मला त्याच तोंडाची लाज वाटते.

भावाला मुंबईला जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिली पाच वर्षं त्यानं नुसती गर्दी केली. म्हणजे लग्नाच्या सीनमध्ये वऱ्हाडी, कोर्टाच्या सीनमध्ये मागच्या बाकावरचा माणूस. आमचा बाप वारला त्या दिवशी हा असाच कुठल्यातरी खोट्या लग्नात अक्षता टाकत उभा होता. निरोप उशिरा पोचला, गाडी उशिरा मिळाली, आणि तो आला तेव्हा सरण विझत आलं होतं. अग्नी चुलत्यानं दिला. आमच्यात अग्नी देणारानं आधी डोकं, दाढी, मिशी उतरवायची असते. न्हावी बोलवायचा, पाणी आणायचं, त्यात वेळ जातो, आणि वैशाखातलं मढं कुणासाठी थांबत नाही. "पोटचं पोरगं असून बापाला त्याच्या हातचा अग्नी न्हाई" हे वाक्य भावानं तेराव्यापर्यंत किती तोंडांतून ऐकलं असेल, देव जाणे. उलटून एक शब्द बोलला नाही. आतल्या आत मात्र ते त्याला खात राहिलं.

मग हे खलाशाचं काम लागलं. महिन्याच्या महिन्याला पगार, रोज बोलावणं, मुंबईच्या पल्याड समुद्रकाठी लाकडाचं जहाज उभं केलेलं. अट एकच होती, केसाला आणि दाढीला कात्री लावायची नाही. मालिकेत आजचं उद्याशी जुळावं लागतं म्हणे. काल दाढी छातीपर्यंत आणि आज गाल गुळगुळीत, असं चालत नाही. रोज सकाळी एक बाई त्याचे चारी बाजूंनी फोटो काढायची. "दाढी गेली की खलाशी गेला, अक्का," तो मला सांगायचा. दिवाळीला आला तेव्हा केस खांद्यावर, दाढी छातीवर, आणि डोळे तेवढे आमचे. माय म्हणाली, "कोन्या मठातून उठून आलास रे?" गावातली पोरं त्याला बघायला दारात उभी राहायची, आणि हा भाकरीचा तुकडाही त्या दाढीला जपून खायचा.

आम्ही मालिका माझ्या फोनवर बघायचो. गोष्ट काय चाललीय ते मायला कधीच कळलं नाही, मलाही फारसं नाही. कप्तान बोलायला लागला की मी चित्र थांबवायची आणि मागं बोट दाखवायची. "ह्यो बघ, ह्यो." कधी त्याची नुसती बाही दिसायची, कधी पाठ. माय त्या बाहीवरून बोट फिरवायची आणि चित्र पुसट व्हायचं, पुढं पळायचं. एवढ्यावर आम्ही खूष होतो.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात, एका रविवारी, त्याचा फोन आला. "अक्का, बुधवारी मला बोलायचं हाय." मला आधी कळलंच नाही. कुणाशी बोलायचं? तर मालिकेत बोलायचं. त्या खलाशाला नाव मिळणार होतं, तीन भाग त्याच्यावर निघणार होते. जहाजावरचा फितूर त्यालाच पहिल्यांदा दिसणार होता. पहिलं वाक्य त्यानं मला फोनवर पाच-सहा तऱ्हांनी म्हणून दाखवलं. "कप्तान, पानी का रंग बदल गया है." मी म्हटलं, "बराबर. दुसऱ्यांदा म्हनलास तसं म्हन." तो म्हणाला, "सहा वर्सं मी ह्या एका बुधवाराची वाट बघून राहिलो, अक्का. हे जमलं तर जमलं." मी त्याला म्हटलं, जमंल. मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. माय सकाळपासून स्लॅबवर कुरडया घालत होती. वाळवण राखायला ती तिथंच बसायची, हातात काठी, डोक्यावर ओला पदर. दाराशी निंब आहे, त्यावर कावळ्याचं घरटं होतं, त्यात पिल्लं होती. पिल्लं असली की कावळी कुणालाही चोच मारते, हे शेंबडं पोरगं सांगेल. मी दुकानात निघाले होते तेवढ्यात वरून मायची किंकाळी ऐकू आली. धावत वर गेले. माय कुरडयांच्या मधोमध बसलेली, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, आणि केसांच्या भांगात रक्ताचा एक टिपका. कावळा कठड्यावर बसून तिच्याकडंच बघत होता.

"डोक्यावर बसला गं," माय म्हणाली. "बसला आन् चोच मारली."

मी हळद लावली. म्हटलं, काही होत नाही, पिल्लांपायी आलाय तो. पण तेवढ्यात काकू वर आली. काकू म्हणजे आमची चुलती, भिंतीला भिंत लागून घर. तिनं तो टिपका बघितला आणि तोंडाला पदर लावला. डोक्याला कावळा लागला म्हणजे वरून बोलावणं आलं, असं आमच्याकडं मानतात. आणि त्यावर उतारा एकच. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नात्यातल्या कुणाला तरी कळवायची. त्यानं ती खरी समजून रडायचं. एकदा रडणं झालं की मरण झाल्यासारखं होतं, यमाचा हिशोब चुकतो. मग खरं सांगून टाकायचं, गोडाचं खायचं. पूर्वी माणूस पाठवायचे, आता फोन करतात.

"काकू, काहीतरीच!" मी ओरडले. "कावळा बसायला आन् फांदी तुटायला गाठ पडती, म्हनून काय फांदी कावळ्यानं तोडली व्हय?"

"तू शानी," काकू म्हणाली. "तुज्या बापाच्या डोक्याला लागला हुता तवा बी असंच म्हनली व्हतीस."

हे खरं होतं. बापाला कावळा लागला होता आणि मी हसले होते आणि बाप दोन महिन्यांत गेला होता. बापाला साखर होती, किडनी गेलेली होती, कावळ्याचा काही संबंध नव्हता. पण काकूनं ते म्हटलं आणि मी मायच्या भांगातला तो टिपका परत वाकून बघितला. खोटं कशाला सांगू.

माय खाली येऊन भिंतीला टेकून बसली. पाणी नको म्हणाली, चहा नको म्हणाली. कपाळावर माशी बसली तरी उडवेना. सत्तरीची बाई, तापानं फणफणली तरी रानात निंदायला जाणारी, ती तासाभरात अशी दिसायला लागली की मला तिच्याकडं बघवेना. "पोरी, कळव कुनाला तरी," एवढंच म्हणायची.

मी म्हटलं, मावशीला कळवते. मावशी औंढ्याला असते. काकू म्हणाली, "तिचं आन् तुज्या मायचं वाटनीवरनं वाकडं. ती कशाला रडंल? खोटं रडलेलं चालत न्हाई. पोटातून रडाय पायजे." आणि माझ्याकडं बघत राहिली. पोटातून रडणारं माणूस एकच होतं, हे तिघींनाही माहीत होतं.

मी नाही म्हटलं. दोनदा, तीनदा म्हटलं. परवा त्याचं काम आहे म्हटलं. काकू म्हणाली, "दोन मिनिटाचं तर हाय. रडला की लगेच सांग. हसंल आन् परत जाईल आपल्या कामाला." मायनं हात जोडले. आता सांगा, स्वतःची माय हात जोडते म्हटल्यावर काय करावं माणसानं? मला राग आला होता, काकूचा, कावळ्याचा, सगळ्यांत जास्त स्वतःचा. मी फोन उचलला. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती, तो उचलणार हे मला माहीत होतं.

"बोल अक्का," तो म्हणाला. तोंडात घास होता.

मी काही ठरवलं नव्हतं. मायकडं बघितलं. ती भिंतीला टेकून माझ्याच तोंडाकडं बघत होती, आपल्या मरणाची बातमी नीट दिली जाते की नाही हे ऐकत. मी म्हटलं, "माय गेली रे." आणि ते शब्द तोंडातून निघाले तसं मला रडूच फुटलं. मी अशी रडले की काकूही दचकली. "आत्ता गेली. वर कुरडया घालत हुती. तू ये. लवकर ये." 'ये' कशाला म्हटलं मी? ते म्हणायचं काही कारण नव्हतं. पण माय मेल्यावर भावाला माणूस दुसरं काय म्हणतं?

पलीकडून एक आवाज आला. माझ्या भावाचा तसा आवाज मी लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. मग कडकन काहीतरी वाजलं आणि फोन बंद झाला.

मी लगेच परत लावला. बंद. परत लावला. बंद. काकू म्हणाली, "रडला ना? मग झालं," आणि शिरा करायला घरी गेली. मायनं उठून तोंड धुतलं. तांब्याभर पाणी प्याली, दुरडीतली भाकर घेतली, ठेच्याशी खाल्ली. तिच्या तोंडावर रंग परत आला होता. आणि मी तिच्यासमोर फोन हातात घेऊन बसलेली, एकच नंबर दाबत. कडकन वाजलं ते काय होतं? तो जहाजाच्या काठावर तर उभा नव्हता? पोहायला येतं असं त्यानं त्यांना खोटंच सांगितलं होतं, हे मला एकटीला माहीत होतं.

चार वाजेपर्यंत मला वेड लागायची वेळ आली. मग आठवलं, एकदा त्यानं दुसऱ्या एका खलाशाच्या फोनवरून मला फोन केला होता. तो नंबर शोधून काढला. माणूस हिंदी बोलणारा, आवाजानं भला वाटला.

"दीदी, वो तो निकल गया," तो म्हणाला. "फोन हाथ से गिरा, टूट गया. रोते रोते भागा, कपड़े भी नहीं बदले. माताजी का सुना, बहुत दुख हुआ."

जिवंत आहे एवढं कळलं आणि माझा श्वास सुटला. मग मी म्हटलं, "भैया, माताजी जिंदा है."

"क्या?"

"जिंदा है. मरी नहीं. वो क्या हुआ, सर पे कौवा बैठा था, तो हमारे इधर झूठ बोलना पड़ता है..."

मी आणखी समजवायला गेले तसतसं ते आणखी घाण होत गेलं. हिंदीत कावळ्याचं सांगायला माझ्याकडं शब्दच नव्हते, आणि मराठीत तरी कुठं होते? शेवटी तो हळूच म्हणाला, "दीदी, परसों उसका सीन है. साहब पूछ रहे हैं. बुधवार सुबह तक आ गया तो ठीक है."

बुधवार सकाळ. मी बोटावर मोजलं. आत्ता निघाला म्हणजे उद्या सकाळी पोचेल. उद्या दुपारची हिंगोलीहून ट्रॅव्हल्स धरली तर परवा सकाळी परत तिथं. जमत होतं. मी फोनवरच ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं, खिडकीची जागा घेतली. शिव्या देऊ दे, वाटलं तर दोन थोबाडीत मारू दे, पण मी त्याला परत गाडीत बसवणार. काकूनं आणलेला शिरा मी तोंडाला लावला नाही. माय मात्र ताट पुसून उठली आणि म्हणाली, "गार वाटून राहिलं बघ आता." तिला सांगितलं की तो फोन फुटून तसाच निघालाय, तर म्हणाली, "येऊ दे की. तेवढंच तोंड दिसंल लेकराचं."

रात्र कशी गेली ते सांगत नाही. झोपले नाही एवढंच. कुठल्या गाडीत असेल, कोण त्याच्याशेजारी बसलं असेल, काही खाल्लं असेल का. एवढी बारा-पंधरा तासांची वाट माय मेली म्हणून काढायची, आणि ती मेलेली नाही हे सांगायला जगात कुणाकडं त्याचा पत्ता नाही. दोन तास गेले की वाटायचं, आता तर त्याच्या मनात मायला आंघोळ घातली असेल. आता बांधली असेल. त्याच्यासाठी माय तिथं पुरती मरत चालली होती, आणि इकडं ती माझ्याशेजारी घोरत होती.

उजाडताच मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. सेनगावकडून येणारी प्रत्येक जीप थांबली की दाढी शोधायची. पहिल्या जीपमध्ये नाही, दुसऱ्या जीपमध्ये नाही. तिसरीतून एक टकल्या माणूस उतरला. डोकं गुळगुळीत, गाल गुळगुळीत, कानामागं वस्तऱ्याची ताजी चीर. मी त्याच्याकडं दुर्लक्ष करून जीपमध्ये वाकून बघायला लागले. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या कमरेकडं गेलं. खलाशाचा तो लाल पट्टा होता.

"अक्का," तो म्हणाला. "नेलं का मायला?"

मी त्याच्या डोक्याकडं बघत राहिले.

"जिंतूरच्या स्टँडवर करून घेतलं," तो घाईघाईनं सांगायला लागला, मला त्याचाच राग आला असावा असं समजून. "न्हावी दुकान उघडून राहिला हुता. म्हनलं हितं आल्यावर परत येळ जायचा. बापाच्या टायमाला... ह्या टायमाला मला उशीर न्हाई करायचा. चल. घरी हाय ना अजून? चल ना."

मी सांगितलं. रस्त्यावरच, जीपवाल्याच्या देखत, सगळं सांगितलं. कावळा, काकू, माय, फोन. तो ऐकत होता आणि मध्येमध्ये "व्हय?" म्हणत होता, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट चालल्यासारखं. मग त्यानं हात वर नेला आणि डोक्यावरून, मग गालावरून फिरवला. हात हनुवटीशी थांबला, तिथून खाली छातीपर्यंत गेला, जिथं कालपर्यंत दाढी होती. करायला गेले गणपती आन् झालं माकड म्हणतात, पण माकड झालं ते माझ्या भावाचं झालं.

माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "आलं गं माझं लेकरू!" म्हणत उठली आणि मग तिला त्याचं डोकं दिसलं. सूप हातातून पडलं, शेंगा अंगणभर झाल्या.

"काहून उतरवलंस रे? मी जित्ती अस्ताना काहून उतरवलंस?"

काकू दारात आली आणि तिथंच थिजली. माय जिवंत असताना लेकानं मिशी उतरवायची नाही, याच्याइतकं मोठं अवलक्षण आमच्याकडं दुसरं नाही. कावळ्याला तरी उतारा होता. यावर काय करायचं हे काकूलाही माहीत नव्हतं. मी तिच्याकडं बघून किंचाळले, "सांग ना आता! आता कुनाला फोन करायचा सांग!" ती खाली मान घालून शेंगा गोळा करायला लागली. मायनं पदर भावाच्या डोक्यावर टाकला आणि तो झाकून धरला, शेजारपाजारच्यांना दिसू नये म्हणून. पदराखाली भाऊ हमसून हमसून रडला. आदल्या दिवशी तो जिच्यासाठी रडला होता ती समोर होती, आणि आता तो कशासाठी रडतोय हे मायला कळत नव्हतं.

दुपारच्या ट्रॅव्हल्समध्ये मी त्याला बसवलंच. म्हटलं, खोटी दाढी लावतील, टोप लावतील, नाटकवाले काय, काहीही करतात. गेला बिचारा. पाचव्या दिवशी परत आला. खोटी दाढी कप्तानाला असते म्हणे, त्याला दोन माणसं लागतात, दोन तास लागतात. मागच्या रांगेतल्या खलाशासाठी कुणी तेवढं करत नाही. साहेबांनी त्याच्या डोक्याकडं बघितलं, माय गेली म्हणून काही बोलले नाहीत, उलट खांद्यावर हात ठेवला. माय जिवंत आहे हे त्यानं सांगितलंच नाही. त्या हिंदी माणसानंही सांगितलं नव्हतं. हे सगळं त्यानं मला अगदी साधेपणानं सांगितलं.

महिनाभरानं तो भाग लागला. मी नको म्हणत होते, पण त्यालाच बघायचं होतं. आम्ही तिघं माझ्या फोनभोवती बसलो. ते पाण्याच्या रंगाचं वाक्य दुसऱ्याच एका खलाशानं म्हटलं, आणि चांगलं म्हटलं. मग वादळ झालं. सकाळी एका शिडाच्या कापडात गुंडाळलेलं मढं फळीवरून समुद्रात सोडलं. कप्तान म्हणाला की एक आदमी कम हो गया, आणि जहाज पुढं गेलं. मायनं फोनला हात जोडले.

"गेलं बाई," ती म्हणाली. "जायचं ते त्या खलाशावर गेलं."

"माय, त्यात मी न्हाई," भाऊ म्हणाला. "चिंध्या भरल्यात त्यात."

"असू दे. मानूस तर तुजंच ना."

माय अजून आहे. पण ती आता स्लॅबवर जात नाही, वाळवण काकूकडं टाकते, आणि निंबावर कावळा ओरडला की आत येऊन दार लावते. तिचं डोकं दुखलं तरी आम्हा तिघांच्या मनात एकच येतं आणि कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. मी कावळे मानत नाही. पण रोज पहाटे जाग आली की आधी तिच्या पोटाकडं बघते, वरखाली होतंय का.

भाऊ आता सेनगावच्या रस्त्याला जीप चालवतो. केस वाढले, दाढी त्यानं ठेवली नाही. माझ्याशी तो एकदाही भांडला नाही, आणि हेच मला सोसत नाही. परवा दुकानात येऊन बसला होता. मी काज करत होते. दोऱ्याचं रीळ हातात फिरवत म्हणाला, "अक्का, एक इचारू?"

"इचार."

"त्या दिशी फोनवर रडलीस ती कशी रडलीस?"

मी सुई थांबवली.

"न्हाई, म्हंजे राग न्हाई," तो म्हणाला. "त्याच दिशी सकाळी माजा रडायचा सीन हुता. दोस्त मरतो, आन् आमी खलाशी रडतो. मला जमंना. डोळ्यात ते घालायचं औषध घातलं तरी जमंना. धा येळा घेतला, साहेबानं सगळ्यांदेखत शिव्या दिल्या. मी जेवताना तेच इचार करून राहिलो हुतो, मानूस मेल्यावर नेमकं कसं रडत असंल. आन् तुजा फोन आला." तो हसला. "तू एका दमात केलंस, अक्का. मला जराबी शंका आली न्हाई."

त्यात टोमणा असता तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण टोमणा नव्हता, कौतुक होतं. तो एका कसबी माणसाचं दुसऱ्या कसबी माणसानं करावं तसं माझं कौतुक करत होता. ते नाटक नव्हतं, मला खरंच रडू फुटलं होतं, हे मला सांगायचं होतं. पण खरं रडू येत होतं तर मग तिथंच थांबली काहून नाहीस, 'ये' काहून म्हनलीस, असं त्यानं विचारलं असतं. मी मान खाली घातली. तो स्टुलावर पुढं सरकून माझ्या तोंडाकडं बघत बसला होता, मी शिकवीन म्हणून.